शालनाक्काची भिंत

शालनाक्का भिंतीला पाठ टेकल्याशिवाय कधी लिहायला बसली नाही. आष्ट्याच्या वाचनालयात दर बुधवारी दुपारी मी बायकांना जमवते आणि आपापल्या आयुष्याबद्दल लिहायला लावते. तिथं खुर्च्या आहेत, पंखा आहे. पण ही बाई सरळ कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटून फतकल मारायची. एकदा मी वैतागून विचारलं, तर म्हणाली, "मागनं कोन आलं तर कळाय नगं व्हय, बाई?" नवऱ्याचा पहिला तडाखा तिला नेहमी मागून बसायचा.

वय साठीचं, शिक्षण चौथी, तोंड फटकळ. लिहिताना मात्र गुळमुळीत. पहिल्याच दिवशी तिनं वाचून दाखवलं, "मग कपाळाला पेटतं लाकूड लागलं."

"लागलं?" मी भडकले. "चुलीतनं उठून आपलं आपण चालत आलं होय गं ते?"

बायका हसल्या. तीही पदर तोंडाला लावून हसली. कुंकवाच्या वर भाजल्याचा डाग चांगला रुपयाएवढा होता. "आवं बाई, मालकाचं नाव असं उघडं लिव्हायचं व्हय? उखान्यात घ्यायचं असतंय त्ये."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव एरवी घेत नाहीत. कार्यात चारचौघींनी आग्रह केला तरच घेतात, तेही यमक जुळवून, गोड लाजून. आता हाडं मोडणाऱ्याच्या नावाला यमक कुठलं आणायचं, सांगा!

लिहायची नाही, पण बोलायची सगळं. वडील वारल्याचा निरोप आला, तेव्हा ती माहेरी जायला निघाली. नवऱ्यानं केस धरून तिला अंगणातून फरफटत आणलं, तिचा डावा हात उंबऱ्यावर ठेवला आणि वर पाय दिला. शेजाऱ्यांनी आपली दारं लावून घेतली. "कडाकदिशी वाजला बगा, उसाचं कांडं मोडल्यागत. दुसऱ्या दिशी एका हातानं भाकऱ्या थापल्या," असं सांगून ती हसायची. त्या हसण्याचा मला भयंकर राग यायचा. घरी गेल्यावर रडूही यायचं, खोटं कशाला बोलू?

तिची सून पूनम आटपाडीकडची. मेंढरं राखणाऱ्या घरातली, गरीब स्वभावाची पोर. तिला दिवस गेलेले होते. एका बुधवारी ती सासूला सोडायला आली, तेव्हा तिचा गाल काळानिळा झालेला. मी विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "दार लागलं, बाई."

शालनाक्काचा चेहरा पांढराफटक पडला. सून गेल्यावर ती बसली आणि मान वर न करता लिहीत राहिली. पेन इतकं दाबत होती की कागद फाटला. मग म्हणाली, "सून माज्यागत बोलाय लागली की ओ, बाई." आणि तिनं वाचलं, "दिनकरनं सातव्या म्हयन्यात माझ्या पोटात लाथ घातली. पोरगी मेली. दिनकरनंच ती घरामागच्या परड्यात पुरली. मला तोंडबी बघू दिलं न्हाई." कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. घामानं तिचं पोलकं भिजलं होतं.

"हलकं वाटलं का गं?" मी विचारलं.

"न्हाई. राग आला. लय वर्सांनी आला."

पूनमचं डोहाळजेवण मी डोळ्यांनी पाहिलं. दारात मांडव होता. पोरीला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं होतं. तिचा नवरा संदीप जेवणाऱ्या पुरुषांना वाढत होता. दिनकर उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसला होता. बायकांना चेव आला, "आक्का, आज तुमी नाव घ्या! घ्याच!"

शालनाक्का भिंतीपाशी होती. ती उठली आणि मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली. नवऱ्याकडे पाठ होती.

"दिनकररावांचं नाव घेती," ती म्हणाली. "दिनकररावांनी सातव्या म्हयन्यात माझ्या पोटात लाथ घातली. आतली पोरगी मेली. संदीप, ती तुजी थोरली भन. आता तू ह्या पोरीच्या अंगाला हात लावतुयास. तुजं नाव बी तिनं असंच घ्यायचं का रं?"

संदीपच्या हातातलं बुंदीचं भांडं खाली आपटलं. "थोबाड फोडीन रांडं!" म्हणत दिनकर खुर्ची उचलून धावला. शालनाक्कानं वळूनसुद्धा बघितलं नाही. पूनम झोपाळ्यावरून उतरली आणि पोट धरून सासूच्या मागं जाऊन उभी राहिली. मग मी गेले, मग बाकीच्या. खुर्ची हवेतच राहिली. दिनकर शिव्या देत राहिला, पण हात काही खाली आला नाही.

बाळंतपणाला पूनम माहेरी गेली ती सासूला घेऊनच. संदीप दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळेला शालनाक्कानंच त्याला बाहेरच्या बाहेर परत पाठवलं.

परवा मी आटपाडीला गेले होते. उघड्या अंगणात, भिंतीपासून लांब, ती मांडीवर नात घेऊन लिहीत बसली होती. मी मुद्दाम आवाज न करता मागून गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली नाही.

"बसा बाई," ती म्हणाली, "एवढी वळ पुरी करती."