लाडवातली गोळी

फिटची गोळी चेचून मी शेंगदाण्याच्या लाडवात कोंबली होती. कडूपणा लपावा म्हणून गूळ जास्त, वरून तुपाचा हात. आणि काय डोकं चाललं आपलं, म्हणून स्वयंपाकघरात एकटीच हसले होते. तेव्हाची मी म्हणजे केसांना मेंदी थापणारी, परभणीपासून पाथरीपर्यंत आपल्याइतकं शहाणं कुणी नाही असं समजणारी बाई. आज समोर आली तर पाठीत धपाटा घालीन तिच्या.

पिंगळीच्या बाजूला मोठ्या वयाच्या दिव्यांगांचं एक निवासी घर होतं. तिथं सगळ्यांना गोळ्या द्यायचं काम माझ्याकडे. त्यातला एक चाळिशीचा गडी बोलायला सावकाश, पण आपली फिटची गोळी पक्की ओळखायचा. गुलाबी, बारीक. सकाळी हात पुढं करायचा, गिळायचा, जीभ काढून दाखवायचा. मग एकदा मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची दिली. औषध तेच, पण गोळी पांढरी आणि जाड.

"ही माजी न्हाई," तो म्हणाला.

"तुजीच हाय. गीळ गप."

"माजी गुलाबी हाय."

काय चुकीचं बोलत होता तो? माझ्या बीपीच्या गोळीचं नुसतं पाकीट बदललं तरी मी मेडिकलवाल्याला धारेवर धरते. याला मात्र समजावून सांगावं असं एकालाही वाटलं नाही. मी संस्थेच्या सरांकडे गेले. मोबाइलमधून मान वर न काढता ते म्हणाले, "त्यांना काय कळतंय बाई? खाण्यात घालून देऊन टाका." आणि बाईसाहेब लाडू वळायला बसल्या.

तो आणि त्याच्या खोलीतला जोडीदार हाती येईल ते मोडून, अर्धं अर्धं करून खायचे. केळं, बिस्कीट, भाकरीचा पापुद्रासुद्धा. हे मी रोज बघत होते. डोळे होते की बटणं, देव जाणे.

काही दिवस लाडू चालले. जोडीदार दिवसा पेंगायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागल्या. मी म्हणायची, "लय आळशी झालास रे." एका दुपारी तो हौदाच्या कडेवर पडला आणि कपाळ फुटलं. त्याच संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या माझ्या गड्याला फिट आली. दोघांनाही एकाच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

जोडीदाराचा भाऊ दवाखान्यात आला तेव्हा सर त्याला सांगत होते, "अशा लोकांचं असं चालायचंच." चालायचंच म्हणे. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. सरांचा राग येतोच. पण भिंतीला टेकून, पदराशी चाळा करत गप्प उभ्या राहिलेल्या त्या मेंदीवालीचा जास्त येतो. कारण असं का झालं ते तिला तेव्हाच कळलं होतं.

भाऊ निघाला तेव्हा मी त्याच्या मागे दारापर्यंत गेले आणि सगळं सांगितलं. सर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं.

मग मी माझ्या गड्याच्या खाटेशी बसले. म्हटलं, लाडवात तुझी गोळी होती रे, मी लपवली होती. त्यानं शेजारच्या खाटेवरच्या जोडीदाराच्या पट्टीकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"मावशी, गोळी हाय म्हणली असतीस, तर मी येकट्यानंच खाल्ला असता."