आज वर्ग कोनं झाडला

मिसनं खोक्यातून झाडू काढला अन् माह्या नातीच्या, मैत्रीच्या हाती देल्ला. बारका झाडू, लाल रिबिन बांधलेला. सगळ्या मायबापायसमोर.

"हा मैत्रीचा," मिस म्हने. "हिला छान येतं झाडता."

लोक हसले. वाईट नाई हसले. लेकरू गोड दिसलं की हसतेत, तसे. दोघी-तिघीनं टाळ्या वाजोल्या. मैत्रीनं तिथंच फरशीवर दोन हात मारून दाखोले. अजून टाळ्या.

मी नाई वाजोली.

हुडकेश्वरकडची शाळा. केजीचा वर्ग. भिंतीवर ससे, हत्ती, एबीसीडी. पालकायची मिटिंग होती. पोरगा कळमेश्वरले कंपनीत जाते, सून कपड्याच्या दुकानात दिवसभर उभी राहते, म्हनून मिटिंगले मी. लेकरायच्या बुटक्या खुर्च्या होत्या, त्याच्यावरच बसाचं होतं. गुडघे छातीले लागून राहिले होते.

शाळेत कार्यक्रम होता, 'आपले मदतनीस'. लेकरायनं सोंग घ्याचं अन् स्टेजवर दोन वाक्यं बोलाचे. मैत्रीच्या आधी ईशान नावाच्या पोराले डॉक्टरची नळी भेटली. एकाले पोलिसाची टोपी. एकीले टीचरची छडी अन् चष्मा. मंग आमचा नंबर आला.

पुढं मिसनं लय समजावून सांगतलं. केजीत लेकरं काय शिकतेत. रंग, आकार, अक्षरं. पन मेन म्हने ते नाई. मेन म्हनजे आपली पाळी येईपर्यंत थांबनं, वाटून खानं, आपली वस्तू आपन जागेवर ठेवनं. अन् पालकायनं काय कराचं? बूट त्यायचे त्यायलेच घालू द्या. मोबाइल कमी द्या. रोज रात्री एक गोष्ट सांगा. शाळेतून आलं की विचारा, आज काय केलं बेटा, अन् निवांत ऐका.

बोलनं चांगलं होतं. मी ऐकत होती. पन मन एकाच जागी अटकलं होतं.

हिले झाडता येते, हे मिसले कसं मालूम?

घरी तर ती झाडूले हात लावत नाई. मी लावू देत नाई.

ई-रिक्षात बसल्यावर तिले मांडीवर घेतलं. झाडू तिच्या हातातच. मिस म्हने ना, विचारा अन् निवांत ऐका. मी इचारलं.

"काय वं मैत्री, शाळेत झाडते का तू?"

"हाव. टिफिन झाल्यावर."

"कोन सांगते?"

"मिस. मिस म्हनते, मैत्री गुड गर्ल, मैत्री छान करते."

"अन् बाकीचे?"

"ते झोक्यावर जातेत. मी लेट जाते."

"ईशान नाई झाडत?"

"त्याले नाई येत, आजी."

असं म्हने, जशी त्या पोराची कीव येऊन राहिली तिले. हे मी ओळखत होती. लय जुनी ओळख.

माह्या आजानं जिंदगीभर गावची चावडी झाडली. झाडाचीच. कोनी सांगाव लागत नव्हतं. माहा बाप नागपुरात दीक्षा घेऊन गावी आला अन् दुसऱ्या दिवशी चावडीवर गेलाच नाई. पाटलाचा मानूस बलावाले आला. बाप म्हने, "चावडी ज्याची त्यानं झाडा." बस, एवढंच. मंग काम बंद, वाट बंद, दळन बंद. तरी गेला नाई. हे मायनं सांगतलं. मी नंतरची.

मंग मी शाळेत गेली. अन् बापानं टाकलेला झाडू गुरुजीनं माह्या हाती देल्ला.

शिवी नाई देल्ली. मारलं नाई. "पोरगी कामाची आहे," म्हने. "हिच्यासारखं कोनालेच जमत नाई." मी फुगली. बाकीचे पोट्टे पाटीवर गिरवत, मी व्हरांडा झाडत जाओ. झाडून, हात धुवून आत येवो, तवर फळ्यावरचं अक्षर पुसलेलं राहे. दुसरं काई लिवलेलं राहे. तेही समजे नाई. दुसरीत शाळा सुटली. सही कराले शिकली ते लग्न झाल्यावर, नवऱ्यानं हात धरून शिकोली.

गुरुजीनं शिवी देल्ली असती तर बापाले जाऊन सांगतलं असतं. शाबासकीची चुगली कशी कराव?

पुढं खापरखेड्याले पावरहाऊसच्या कॉलनीत झाडाच्या कामावर लागली. सकाळी झाडलं की दुपारी परत राख. पानावर राख, खिडकीवर राख, नाकात राख. त्या कामाची मले लाज नाई. पगार होता. त्याच्यावर पोरगा शिकला. पन तिथं एक शिकली, बोललं की काम जाते. ठेकेदाराच्या मानसानं आमचं नाव कधी घेतलं नाई. "ए झाडूवाली" म्हने, अन् मी हाव म्हनो. केस पांढरे होईपर्यंत हावच म्हनलं.

संध्याकाळी पोराले सांगतलं. तो थकून आला होता, बूट काढून राहिला होता.

"आई, तू पन ना. लेकरायचं नाटक आहे. कोनी डॉक्टर होते, कोनी हे होते."

"अन् रोजचं झाडनं? ते कोनतं नाटक आहे?"

त्यानं दुसरा बूट काढला. सून पोळ्या लाटत होती. ती हळूच म्हने, "आपन बोललो तर मिस मैत्रीवर राग काढन, आई. दिवसभर लेकरू त्यायच्याच हाती आहे." तिचं खोटं नव्हतं. पोरगा म्हने, "मुश्किलीनं अॅडमिशन भेटली. तू भांडू नको."

मैत्री आतल्या खोलीत पाठ करून राहिली होती. आय अॅम अ स्वीपर. आय कीप यू क्लीन. मी पोराले इचारलं, काय म्हनते ते? त्यानं मान खाली घालून सांगतलं. मी झाडूवाली आहो, मी तुमाले साफ ठेवते.

चार वर्साची पोर. हासत म्हनत होती.

मी भांडली नाई. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस होती, तिले सोडाले गेली अन् वर्गातच उभी राहिली. लेकरायच्या आया आल्या होत्या सोंगाचे कपडे घेऊन. मी झाडू मिसच्या टेबलावर ठेवला.

"हे आमाले नोको."

"का आजी? काय झालं?"

"दुसरं काई द्या."

मिस हसली. चांगली पोरगी आहे ती, आवाज चढवत नाई. "आजी, कोणतंच काम छोटं नसतं. सगळी कामं महान असतात. आपण मुलांना तेच शिकवतो ना."

"हाव. मंग बदला. डॉक्टरची नळी हिले द्या, झाडू ईशानले द्या."

ईशानची माय बाजूलेच होती. हातात गाडीची चाबी, खांद्यावर पांढरा कोट. ती पटकन म्हने, "नाही हं मिस, आम्ही कोट शिवून घेतलाय."

"बरं. पोलिसाच्या मायले इचारा."

पोलिसाच्या मायनं मोबाइल काढला अन् त्याच्यात पाहाले लागली.

"टीचरवालीले इचारा."

कोनी माह्याकडं पाहीना. मिस म्हने, "आजी, मी तर चिठ्ठ्या टाकल्या होत्या."

"मंग आता सगळ्यायसमोर टाका."

चिठ्ठ्या निघाल्या नाई. मोठी मॅडम आली. तिनं मले अन् मिसले ऑफिसात नेलं, पंखा लावला, पानी पाजलं. मले पानी पाजनाऱ्याचा लय डाऊट येते. मंग म्हने, "आजी, मुलगी खुश आहे. तिच्या मनात काहीच नाही. तुम्हीच तिच्या मनात नको ते भरवताय."

मी म्हनलं, "भरवलं तुमी. मी काढून राहिली. टिफिन झाल्यावर वर्ग कोन झाडते, मॅडम?"

"मुलं आपापलं साफ करतात. चांगली सवय आहे."

"मुलं नाई. एकच मुलगी."

मॅडमनं मिसकडं पाहिलं. मिसनं फरशीकडं. शाळेत झाडाले बाई आहे, पन ती सुट्टी झाल्यावर येते. दुपारचे शीत अन् पोळीचे तुकडे तवर पडून राहतेत, मुंग्या लागतेत. म्हनून मिसनं कोनाले तरी सांगतलं. वर्गभर नजर फिरोली असन. अन् नजर बरोब्बर माह्या पोरीवर येऊन थांबली. काहून थांबली, हे मिसले इचारलं तर तिलेही सांगता येनार नाई. मले येते. मी सांगतलं नाई. ते मॅडमलेही मालूम होतं.

"ठीक आहे," मॅडम म्हने. "मग तिला कार्यक्रमात घेता येणार नाही. आता बदल करायला वेळ नाही."

"नोका घेऊ."

घरी मैत्री लय रडली. तिले झाडू पायजे होता. लाल रिबिन पायजे होती. "तू गंदी आजी आहे," म्हने. माह्याजवळ झोपली नाई, मायजवळ झोपली. पोरगा ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जेवला. सून तेवढी म्हने, "आई, भात घ्या." मी घेतला. लेकराचं ऐकून घ्याव लागते. तिले स्टेजवर जाचं होतं, तिचं काय चुकलं? पन मी झाडू आनून देल्ला नाई.

कार्यक्रमाच्या दिवशी पोरगा म्हने, घरीच राहू दे तिले. मी म्हनलं, काहून? आपन काय चोरी केली? तिले नवा फ्रॉक घातला, घेऊन गेली. मांगच्या लाइनीत बसलो. डॉक्टर आला. पोलीस आला. टीचर आली. पोस्टमन, शेतकरी, फौजी, सगळे येऊन गेले. झाडूवालं कोनीच आलं नाई. खोकं स्टेजच्या बाजूले होतं, झाडू त्याच्यातच उभा, रिबिन बांधलेला. काम महान होतं. पन वर्गातलं दुसरं एकही लेकरू त्याच्यासाठी भेटलं नाई. मी पोराले घरी जाऊन हे सांगतलं, तवा कुठं त्याच्या डोळ्यात काई हाललं.

पन खरं ते तिथंच, कार्यक्रम संपल्यावर झालं.

लेकरायले चिवडा अन् केक देल्ला. सांडलाच. फरशीभर शेव अन् केकचा चुरा. मिस तिथून जात होती, तिचा पाय चुऱ्यावर पडला. ती थांबली. कोनाले हाक नाई मारली. नुसती मान उचलली अन् लेकरायवरून नजर फिरोली. मैत्रीवर आली.

अन् माह्या हातातून मैत्रीचा हात सुटला. कोनी काई म्हनलं नव्हतं. ती आपोआप उठली अन् हॉलच्या कोपऱ्यातल्या मोठ्या झाडूकडं निघाली. जसा माहा आजा चावडीकडं निघे.

केजीत काय शिकतेत, ते मले तवा दिसलं. एका नजरेत उठाले शिकली होती ती.

मी फ्रॉक पकडला. "बस."

"आजी, मिस..."

"बस म्हनलं."

ती बसली. ओठ काढून, रडू दाबत. मिसनं आमच्याकडं पाहिलं, मी मिसकडं. मंग मिस वाकली अन् केकचा मोठा तुकडा सोताच्या हातानं उचलला. बाकीचा चुरा तसाच पडून राहिला. लोक त्याच्यावरून चालत गेले. आमी दोघी हॉल रिकामा होईपर्यंत खुर्चीवर बसून राहिलो. मैत्रीचे पाय दोनदा खाली उतरले. मी दोनदा वर घेतले.

शाळा सोडोली नाई तिची. काहून सोडाव? अक्षर तिथं आहे फळ्यावर. पुसाच्या आधी तिनं पाहाले पायजे.

आता टिफिनच्या टायमाले मी कधीमधी गेटवर जाऊन उभी राहतो. चौकीदार म्हने, "आजी, काय काम आहे?" मी म्हनतो, "काम नाई, पाहून राहिली." मोठ्या मॅडमनं सांगतलं आहे, आता सगळे लेकरं पाळीपाळीनं साफ करतेत. मी ऐकून घेतलं. मानलं नाई. गुरुजीही गोड बोलत होते.

पालकायनं रोज इचाराव, असं मिसच म्हने. मी रोज इचारतो. ए फॉर काय, ते तिची माय पाहते. माहा सवाल एकच. बूट काढताना, निवांत.

"आज वर्ग कोनं झाडला?"

कधी म्हनते ईशाननं. कधी म्हनते मालूम नाई. कधी नुसती पाहते माह्याकडं, अन् मी तिच्याकडं पाहतो.

ज्या दिवशी ती म्हनन मीच, परत मीच, त्या दिवशी मी गेटवर थांबनार नाई. वर्गात जाईन. पोराची कंपनी आहे, सुनेचं दुकान आहे, त्यायले सांभाळून बोलाव लागते. माहं तसं नाई. मले कामावरून काढाले आता कोनी उरलं नाई.