कव्हरामागचा मारुती

फोन, घड्याळ आणि कानातले इयरबड एकाच ठिकाणी बिनवायरचे चार्ज होतील असा स्टँड घ्यायला मी रिसोडला गेलो. दुकानदाराने एक आडवा, एक उभा काढला. "सर, लावून पाहा, मंग घ्या," म्हणत त्याने माझा फोन आडव्यावर ठेवला. मी उभा स्टँड न्याहाळत होतो, तेवढ्यात त्याने फोन झटक्यात उचलला. "अरे बाप रे, केवढा तापला! कव्हरात काय ठेवलं तुमी?"

"काहीच नाही," मी म्हणालो. त्याने कव्हर काढलं, तर आतून मारुतीचा तांब्याचा पत्रा काउंटरवर पडला. उचलायला गेलो तर बोट पोळलं. मी हादरलोच. जन्मभर गंडेदोऱ्यांची टर उडवणारा मी, आणि मारुती माझ्याच खिशात!

स्टँड न घेताच तणतणत घरी आलो. पत्रा बायकोपुढे आदळला. "हे काहून ठेवलं?"

ती तुरीच्या शेंगा सोलतच राहिली. "गाडी चालवताना फोन पाहू नका म्हून तुमाले किती खेपा सांगतलं. तुमी ऐकूनच नाही राह्यले. मंग मारुतीले सांगतलं."