आतोबांची ट्यूब

उभ्या सोलापुरात हवेवर संशय घेणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. शाळेत गणित शिकवायचे. मी दहा वर्षांची असताना, "पोरींनीही पोहायला शिकलं पाहिजे," असं त्यांनी जाहीर केलं, माझ्या आजीशी चार दिवस हुज्जत घातली आणि एका डॉक्टरांकडून मोटारीची जुनी ट्यूब मिळवली. त्या काळी गावात मोटारी त्या किती! मला वाटलं, उद्या विहिरीत. कसचं काय! आधी ट्यूब तपासायची होती.

तपासणीचा सोहळा काय सांगू! आत्याचं न्हाणीतलं घंगाळ जप्त झालं. आतोबा ट्यूब त्यात वीतवीत बुडवून बुडबुड्याची वाट बघत बसत. मग रिठ्याचा फेस फासत. मग डोळे मिटून ती कानाला लावत. "अहो, तंबोरा आहे का तो?" आत्या विचारायची. "गप्प! काहीतरी ऐकू येतंय," असं उत्तर यायचं. बुडबुडा आला नाही तर त्यांना जास्तच काळजी. "छिद्र आहे. लपलंय," म्हणत. गिरणीच्या दुपारच्या भोंग्याला ते ट्यूबभोवती सुतळी आवळून बांधत आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्याला ती सैल झालेली बघून कपाळावर हात मारत. आमचं ऊन दुपारी हवा फुगवतं आणि सकाळी ती आकसते, हे मास्तरांना कोण शिकवणार? सुतळी सैल दिसली, की लगेच धडधाकट ट्यूबवर नवं ठिगळ! सुट्टी संपत आली, तेव्हा ट्यूब कमी आणि ठिगळंच जास्त दिसत होती.

"मास्तर, पोरीचं लगीन हुईल की तवर!" विहिरीच्या मळ्यातला गडी शिवप्पा म्हणाला. मग त्यानंच आतोबांच्या नकळत माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि मला विहिरीत ढकललं. पंधरा दिवसांत भोपळाही सुटला. मला पोहता येऊ लागलं आणि मी चांगलीच अडकले. आतोबांनी माझ्यासाठी अख्खा उन्हाळा घंगाळापाशी काढला होता. त्यांना हे सांगायला जीभच रेटेना.

शेवटी एका रविवारी ट्यूब पास झाली. स्वतःला पोहता येत नसूनही आतोबा धोतर खोचून विहिरीच्या पायरीवर उभे राहिले. "घाबरू नकोस, मी आहे की!" म्हणाले, पण भिंतीचा दगड त्यांनीच घट्ट धरला होता. मी घाबरल्याचं सोंग करून ट्यूबसकट उतरले. विहिरीच्या मध्यावर पोचते तोच एक ठिगळ उचकटलं आणि ट्यूब लुळी पडली. काय करावं? ती तशीच काखेत धरली, पाय मारत पायरीशी आले आणि दात काढून हसले.

"बघितलंस, शिवप्पा? तपासलेली ट्यूब आहे ही!" आतोबा ओरडले. शिवप्पा दुसरीकडे बघत राहिला. पुढं कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला आतोबांनी ही हकिगत ऐकवली, आणि दर वेळी मी मान डोलावली.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसले होते. एकदम म्हणाले, "त्या दिवशी हवा गेली होती ना गं?"

"छे हो, आतोबा. चांगली फुगलेली होती की."

"उन्हाळाभर पाण्यात डोळे घालून बसलो होतो मी. बुडबुडे मला दिसायचे नाहीत होय?"

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडणारच होतो. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात पाय मारलेस तू. मग दिसलं, ती फुसकी ट्यूब काखेत घट्ट धरलीयस. म्हटलं, पोरगी मला सांभाळतेय, तर सांभाळू दे."

मी त्यांचा हात घट्ट धरला.