नव्वद रुपयांची मोटार

बकुळाबाई वेलकरांचा राग एरवी दूध उतू जावं तसा यायचा आणि तसाच खाली बसायचा. पण अठ्ठावन्न सालच्या चैत्रात आलेला राग चांगला आठवडाभर घरात मुक्कामाला होता. निमित्त झालं गिरगावातल्या त्यांच्या घरामागे उभ्या असलेल्या छोट्या ऑस्टिन मोटारीचं.

सत्तेचाळीस साली एक गोरा साहेब विलायतेला परतताना ती विकून गेला. ती घेण्यासाठी बकुळाबाईंच्या लग्नातल्या पाटल्या मोडल्या, आणि सोनार म्हणाला तो भाव यजमानांनी, हेमचंद्ररावांनी, मुकाट्यानं मान्य केला. प्रभू ज्ञातीच्या घरात घासाघीस करायची ती मासळीबाजारात, पापलेटासाठी. विकताना भाव करणं म्हणजे खानदानाला बट्टा! हा नियम कुणी केला देव जाणे, पण त्यात आजवर दागिने गेले ते घरच्या बायकांचेच.

आता परदेशातून सुटे भाग येईनासे झाले होते आणि मोटार दीड वर्ष जागची हलली नव्हती. ती भंगारात काढायची ठरली तेव्हा बकुळाबाईंनी एवढंच बजावलं, "पाटल्या परत येणार नाहीत, ठाऊक आहे मला. पण निदान दोन बांगड्या तरी झाल्याच पाहिजेत."

सोमवारी शिवा भंगारवाला आला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "शेठ, ह्याचे पार्टच मिळत नाय आता. लोखंडाच्या भावात जानार. नव्वद देतो." सॉलिसिटरच्या कचेरीत उभा जन्म हेडक्लार्की केलेले हेमचंद्रराव म्हणाले, "विचार करून कळवतो." मंगळवारी दुसरा आला, त्यानं पंचाहत्तर सांगितले. बुधवारी तिसऱ्यानं साठ.

"शिवाच त्यातल्या त्यात सज्जन," असं म्हणून हेमचंद्ररावांनी त्याला शनिवारी गाडी न्यायला बोलावलंसुद्धा. मुंबई सोडणार नाही म्हणून शिवाजी पार्कच्या सभेत घसा बसेपर्यंत ओरडून आलेला हा माणूस! मोटार मात्र नव्वदला सोडायला तयार. बकुळाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

पण त्यांना दुसरंच काही खुपत होतं. तिसरा माणूस त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला होता. त्यानं ना बॉनेट उघडलं, ना टायर दाबून पाहिले. सरळ मागच्या मडगार्डपाशी वाकला आणि साठ म्हणाला. दुसराही तिथंच वाकला होता. गुरुवारी दुपारी त्या खाली गेल्या आणि स्वतः वाकल्या. मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूनं एक गोल काढलेला, त्याखाली दोन रेघा.

ती खूण मंगळवारी सकाळी अंगण झाडतानाही त्यांना दिसली होती. पण त्या दिवसांत गिरगावात एक भिंत कोरी नव्हती. खडू, गेरू, डांबर, हाताला येईल त्यानं लोक संयुक्त महाराष्ट्र मागत होते. पोरांनी काहीतरी खरडलं असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आता डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिल्यानं खुणेनं आपला भाव मांडून ठेवायचा आणि मागून येणाऱ्यांनी त्याच्या खाली बोलायचं! आमच्या अंगणात येऊन, आमच्याच गाडीवर लिहून आम्हालाच लुबाडतात मेले! त्यांनी ओलं फडकं आणलं आणि खूण खसाखसा पुसून टाकली.

शुक्रवारी सकाळी चौथा हजर. हेमचंद्रराव वाचनालयात गेले होते. चौथा वाकला, चाचपला, दुसऱ्या बाजूनं जाऊन वाकला.

"बाई, आधी कोन आला नव्हता काय?"

"तुम्हाला काय करायचंय? गाडी विकायची आहे, गाडी बघा."

मग बिचाऱ्याला बॉनेट उघडावं लागलं. तो गाडीखाली आडवा झाला, गिअरबॉक्स पाहिला आणि उठला तो वेगळ्याच चेहऱ्यानं. "दोनशे."

"पार्ट मिळत नाहीत ना हल्ली? मग न मिळणारी वस्तू महाग असते की स्वस्त?"

अर्धा तास हुज्जत चालली. तीनशे चाळीसला सौदा झाला. पैसे हातात पडल्यावरच त्यांनी दोर बांधू दिला, आणि दुपारच्या आत अंगण मोकळं झालं.

हेमचंद्रराव घरी आले आणि कपाळाला हात लावून बसले. शनिवारी शिवा दोन हमाल घेऊन दारात उभा. "शेठ, जबान दिली होती तुमी! ह्या हमालांची मजुरी कोन देनार?"

हेमचंद्रराव लाजेनं लाल झाले. "माफ कर बाबा, आमच्या घरात असं कधी होत नाही," म्हणत त्यांनी खिशातून दहाची नोट काढली. चोराचीच माफी मागायची, वर दक्षिणा! बकुळाबाई तरातरा बाहेर आल्या.

"ती नोट आत ठेवा. तुम्ही शब्द दिलात, कबूल. पण मोटार माझ्या सोन्याची होती. माझी वस्तू विकायचा शब्द मी कुणालाही दिला नव्हता. तुम्हालासुद्धा नाही."

तीस वर्षांच्या संसारात असं कधी ऐकलं नव्हतं. हेमचंद्ररावांनी नोटेची घडी घातली. मग त्यांनी ती खिशात घातली.

"मला काय सांगतोस?" ते शिवाला म्हणाले. "मालकीणबाईंशी बोल."