माझ्या पट्टीतली आठ गाणी

आमच्या घराची राखेशी रोजची झटापट होती. बाप कोराडीच्या कोळशावर चालणाऱ्या पॉवर हाऊसवर, एका ठेकेदाराकडे, राख उपसायच्या कामावर. वाळलेलं धुणं आई दोन-दोनदा झटकायची, तरी कॉलेजातली पोरं माझा सदरा पाहून विचारायची, "कोराडीचा का बे?" ठेकेदार बदलला की बापाचं काम महिना-महिना बंद. त्या दिवसांत ज्वारीच्या कण्या आणि मिरची, यावर आम्ही पाच जण भागवत असू. तशातच मी बी.ए. झालो. आमच्या खानदानात पहिला. हे मी ताठ मानेनं सांगतो, कारण फुकट मिळालेलं नाही.

इंग्रजी वाचता यायचं म्हणून मला बँड मिळाला. लग्नातला बाजा नव्हे. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि विलायती रॉक गाणी. धरमपेठेतल्या खात्यापित्या घरच्या पोरांचा होता तो. म्होरक्याकडे परदेशातून आलेल्या रेकॉर्डी होत्या. त्यातल्या एका गायकाची गाणी मी हुबेहूब म्हणायचो. तो श्वास जिथं घेतो तिथं घ्यायचा, आवाज जिथं फाडतो तिथं फाडायचा. गॅदरिंगला लोक मला त्याच्याच नावानं हाक मारत. सात वर्षं मला त्याचा अभिमान वाटला. घरही त्याच्यावरच चाललं, कारण तोवर राखेनं बापाची छाती धरली होती आणि त्याचं काम सुटलं होतं.

मनात मात्र मी आमच्याकडची गाणी बांधत होतो. राखेच्या ट्रकचं, पाळीच्या भोंग्याचं, शहरात जाणाऱ्या पहिल्या बसचं. ती बँडमध्ये घेऊ म्हटलं तर म्होरक्या हसला.

"अरे भाऊ, लोक काय तुला ऐकायला येतात? त्याला ऐकायला येतात. तू फक्त समोर उभा असतो."

दुसऱ्या दिवशी मी बँड सोडला. बाप बाजेवर बसला होता.

"नोकरी पाहून नाही राहिला, अन् आता हेही सोडलं. काहून?"

"माही सोताची कॅसेट काढतो, बाबा."

"तुही? तुहं गाणं तं म्या अजून आयकलंच नाही."

तो टोमणा नव्हता. तो खरं बोलत होता.

शहरात बर्डीच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंगची खोली होती, भिंतींना पोती ठोकलेली. ती चालवणारा म्हातारा पूर्वी भजनात पेटी वाजवायचा. कॉलेजच्या ओळखीचे दोघं, एक गिटारवाला आणि एक ड्रमवाला, मी गोळा केले. पहिलं गाणं झालं. म्हाताऱ्यानं डोळे मिटून ते परत लावलं.

"चांगलं हाय. पण हा माणूस कोण हाय?"

मला थट्टा वाटली. त्यानं पुन्हा लावलं, तेव्हा मलाही ऐकू आलं. शब्द कोराडीचे होते आणि गळा त्या विलायती माणसाचा. 'राख' म्हणतानासुद्धा मी त्याच्यासारखा घसा खरवडला होता. दुसरं गाणं तसंच. तिसरंही तसंच.

"तुही पट्टी कोणती हाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

पट्टी म्हणजे गळा न ताणता जिथं आपला आवाज बसतो ती जागा. मला सांगता येईना. बँडमध्ये आम्ही सगळं रेकॉर्डच्याच पट्टीत वाजवायचो. माझी गाणीही मी तिथंच बांधली होती. दुसरी जागा असते हे डोक्यातच आलं नाही. भजनाला बसणारा अंगठेबहाद्दरही आधी पट्टी विचारतो. मी बी.ए. असून मला ते सुचलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं पेटी पुढ्यात ओढली. एकेक सूर खाली आणत मला 'आ' लावायला लावला. चार सूर खाली आल्यावर थांबला. "इथं हाय तू."

तो आवाज मला आवडला नाही. जाड, सपाट, कंडक्टर गर्दीला मागं सरकायला सांगतो तसा.

"हे कोण ऐकेल बे?" गिटारवाला म्हणाला. माझ्याही मनात तेच होतं.

त्याच आठवड्यात म्होरक्याचा निरोप आला. हिवाळ्याचे कार्यक्रम ठरलेत, मागचं विसरू, ये. घरात डाळ पाहून-पाहून शिजत होती. बँडचा स्टेजवरचा कोट धुऊन, इस्त्री करून आईनं खुंटीला लावला. त्यापेक्षा बोलली असती तर बरं होतं.

तीन दिवस मी त्या कोटासमोर बसून काढले. परत गेलो असतो तर घर चाललं असतं, आणि मी जन्मभर दुसऱ्याच्या जागी उभा राहिलो असतो. चौथ्या दिवशी बापापुढं बसलो आणि खालच्या पट्टीत भोंग्याचं गाणं म्हटलं, नुसत्या तोंडानं. दोनदा जुना गळा आला. थांबलो, परत धरलं. बाप खोकला दाबून ऐकत होता.

"झालं?"

"झालं."

"हा तूच हाय. पण शेवटी रडून काहून राहिला?"

"रडून नाही राहिलो. सूरच तसा हाय."

"मंग ठीक हाय. त्यायचा कोट वापस देऊन ये."

कोट दिला. म्होरक्यानं तो दारातच घेतला आणि बँडमधल्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते कायमचं. गिटारवाल्यानं कुरकुर करत सगळी गाणी खाली उतरवली. काही गाणी पाच-पाच वेळा पुसावी लागली, कारण थकलो की गळा आपोआप त्या विलायती माणसाकडे पळायचा. तो हिवाळा आम्ही आईच्या धुण्याभांड्याच्या कामावर काढला, हे मी विसरलेलो नाही.

उन्हाळ्यात कॅसेट निघाली. दोन्ही बाजू मिळून आठ गाणी आहेत, आणि आठही माझ्या आवाजात आहेत.