बाबल मास्तरांचा जांभळा सदरा

बाबल मास्तरांकडे माप द्यायला गेलं की ते आधी खाली बसवायचे. फरशीवर, मांडी घालून. टेप त्यांच्या गळ्यात, चष्मा कपाळावर आणि गिऱ्हाईक जमिनीवर. मग हुकूम सुटायचा, "ऊठ. आता माळ्यावरचो डबो काढ." दुकानात माळा नव्हता आणि डबाही नव्हता. दोन्ही हात वर करून हवेतला डबा काढायचा. लग्नाला आठ दिवस राहिलेल्या नवऱ्या मुलीसुद्धा त्यांच्यासमोर निमूटपणे हवेतले डबे काढायच्या. कुणी का म्हणून विचारलंच तर म्हणायचे, "उभ्या मूर्तीचा माप कोणय घेतलो. माणूस हलता रे. माका हलणाऱ्याचा माप व्हया."

करी रोडला आमच्या चाळीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. एक मशीन, एक स्टूल, पुरुषभर उंचीचा एक आरसा आणि बाहेर पाटी, 'फक्त लेडीज'. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हे सुरू केलं. ब्लाउज शिवायचे, पण खरं नाव होतं ते शिवलेल्या नऊवारीसाठी. त्यांचा काष्टा म्हणजे काष्टा. ढोल पथकातल्या मुली लालबागपासून दादरपर्यंत कंबरेला ढोल बांधून नाचल्या तरी एक निरी हलायची नाही. पुरुषांचे कपडे मात्र ते शिवत नसत. "गड्यांच्या कपड्यात काय आसा? दोन नळ्यो आणि एक पोता."

ही पाटी त्यांनी आयुष्यात एकदाच मोडली, ती माझ्यासाठी. ही गोष्ट अभिमानाने सांगावी की लाजून, हे माझं अजून ठरलेलं नाही.

झालं असं की माझ्या बायकोने, वैशालीने, दादरला एका लॅटिन नाचाच्या क्लासमध्ये आमच्या दोघांची नावं घातली. मी सेहेचाळीस वर्षांचा, विमा कंपनीत क्लेम तपासणारा, घेरदार माणूस. माझ्या शरीराला लय अशी काही होती ती फक्त घोरण्यात. पण नाही म्हणायची सोय नव्हती. लग्नाआधी वैशाली तिच्या चाळीच्या गणपतीत दरवर्षी नाचायची आणि लोक तिच्यासाठी दुसऱ्या चाळींतून यायचे. आमचं लग्न झालं त्या वर्षी माझी आई सहज म्हणाली, "आता पुरे हो ते." वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. तो पेपर मी पुढे एकवीस वर्षं वाचत राहिलो, असंच म्हणायला हवं.

क्लासमधला रोहन सर आमच्या निम्म्या वयाचा. सहा महिन्यांत त्याने मला चा-चा-चा आणि रुंबा या दोन नाचांत पडू नये इतपत तयार केलं, आणि मग वरळीच्या एका हॉलमध्ये व्हायच्या स्पर्धेत आमचं नाव दिलं. गट, चाळिशीपुढच्या जोड्या. वैशालीचा पोशाख एका दुपारी ठरला. तिने दादरहून जांभळं कापड आणि झालर आणली, रात्रभर झोपली नाही आणि सकाळी मला म्हणाली, "तुझाही जांभळाच."

इथे माझं घोडं अडलं. रोहनने पाठवलेल्या फोटोतला पुरुष जांभळ्या चकचकीत सदऱ्यात होता आणि सदऱ्याची बटणं बेंबीच्या जरा वरून सुरू होत होती. मी काळा सुचवला, काळ्यात पोट दिसत नाही. वैशाली म्हणाली, "दिसतं." भाड्याने कपडे देणाऱ्या एका दुकानात मापाला गेलो तर दुसरं बटण उडून दुकानदाराच्या चहात पडलं. हात वर केले की सदरा पॅंटमधून सुटून माझ्या आधी नाचायला लागायचा. घरी येऊन मी जाहीर केलं की स्पर्धेच्या दिवशी ऑफिसात ऑडिट आहे.

ऑडिट नव्हतं. वैशालीला ते माहीत होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने झालर गुंडाळली, पिशवीत घातली, पिशवी कपाटावर टाकली आणि कुकर लावला. मला लाज वाटली, पण जांभळ्या सदऱ्याइतकी नाही, हेही खरं.

ही बातमी जिना उतरून मास्तरांपर्यंत कशी पोचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना त्यांनी मला आत ओढलं. "झिला, खाली बस."

"मास्तर, ही पॅंट टाईट आहे."

"म्हणानच बस."

मी बसलो. उठलो. डबा काढला. सदरा वर, पोट बाहेर. मास्तरांनी पोटाकडे असं पाहिलं की जणू ते स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. मी त्यांना रोहनचा फोटो दाखवला आणि रोहनने सांगितलेलं गुपितही सांगितलं, की या लोकांचा सदरा खाली चड्डीलाच जोडून शिवलेला असतो, म्हणजे हात वर केले तरी सुटत नाही. मास्तर इतके खूश झाले की त्यांनी मशीनवर थाप मारली. "अरे, ह्यो तर काष्टो! ह्या सायबांनी आपलो काष्टो चोरल्यान!"

"मास्तर, पण मी घालणार नाहीये. लोक हसतील."

"किती?"

"म्हणजे?"

"किती लोक हसतले? आकडो सांग. माका त्या हिशेबान कापड काढूचा आसा."

मास्तर उठले आणि त्यांनी तो मोठा आरसा भिंतीपासून ओढून फिरवला. मागच्या लाकडाला एक जुना काळापांढरा फोटो चिकटवलेला होता. नऊवारी, नथ, ठसठशीत कुंकू, मान किंचित कललेली, अशी देखणी बाई.

"काकी का?" मास्तरांच्या बायकोचा असेल म्हणून मी विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

गिरणीतल्या आमच्या कोकणी मंडळींचं एक नाटक मंडळ होतं आणि त्यात बाबल मास्तर अकरा वर्षं नायिका होते. पहिल्या प्रयोगाआधी त्यांच्या नाटकाच्या मास्तरांनी त्यांना एक काम लावलं. आठ दिवस नऊवारी नेसून चाळीच्या नळावर पाणी भरायचं. "पयल्या दिवशी सगळे हसले," बाबल मास्तर सांगत होते. "दुसऱ्या दिवशी निम्मे. चौथ्या दिवशी एक बाय म्हणता, 'गो, जरा सरक मगो, माझी बादली रवली.' मी म्हटलंय, झाला! आता माका स्टेजवर कोण हलवूचो नाय."

"मग फोटो आरशाच्या मागे का?"

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "माझ्या प्रकाशाच्या लग्नात व्याही येवचे होते. तो म्हणालो, 'बाबा, लोक हसतील.' मी लावलंय मागे." थोडा वेळ ते सुईत दोरा ओवत राहिले, जो आधीच ओवलेला होता. "तेव्हा 'किती' म्हणान विचारूक सुचला नाय."

सदरा चार दिवसांत शिवून झाला. जांभळा, छाती उघडी, पोटावर आतून पट्टा. पण खाली चड्डीशी जोडायला बटणं मास्तरांना मान्य नव्हती. "बटणाचो काय भरवसो?" त्यांनी सदऱ्याचा सोगा पायांमधून मागे नेऊन नाडीने आवळायची व्यवस्था केली होती. गाठ त्यांच्या खास पद्धतीची, ढोल पथकाला तासन्‌तास पुरणारी. मी आरशात पाहिलं. वाईट दिसत नव्हतो, असं मी म्हणणार नाही. पण डबा काढला तर सदरा तसूभर हलला नाही.

"आता जा आणि कोथमीर घेवन ये," मास्तर म्हणाले.

"या कपड्यात?"

"आणि कितके हसतत ते मोज. नीट मोज हां, माका खोटो आकडो नको."

रविवारची सकाळ, अकराची वेळ आणि करी रोडचा भाजी बाजार. सगळी चाळ पिशव्या घेऊन बाहेर. मी उघड्या छातीने, जांभळा चकाकत चाललो होतो. कोथिंबीरवाली म्हणाली, "लग्न आहे का भाऊ?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता मागच्या बाईला मेथी दिली. मी परत आलो.

"किती?"

"चार."

"नावा सांग."

दोन कॉलेजची मुलं, नावं माहीत नाहीत. तळमजल्यावरचे सावंत, पण ते कायमच हसतात, त्यांचे दात तसे आहेत. चौथी वैशाली. ती गॅलरीत उभी राहून बघत होती आणि कठड्याला धरून हसत होती. इतकी हसत होती की डोळे पुसत होती. मग ती आत गेली आणि कपाटावरची पिशवी खाली काढल्याचा आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू आला.

"म्हणजे एक," मास्तर म्हणाले. "आणि ती तुझीच. मगे नाच आता."

स्पर्धेविषयी फार सांगण्यासारखं नाही. मास्तरांनी बजावलं होतं, "सोंग चढवल्यावर पाणी पिऊचा नाय." मी तीन ग्लास प्यायलो. आमची फेरी पुकारायला दहा मिनिटं असताना मला समजलं की ती गाठ मास्तरांशिवाय या भूतलावर कुणाला सुटत नाही. रुंबा हा प्रेमाचा, संथ नाच आहे असं म्हणतात. मी तो ज्या तळमळीने नाचलो, त्याचं एका परीक्षकाने खास कौतुक केलं. हात वर करायची जागा आली तेव्हा मी क्षणभर थबकलो. समोर दीडशे माणसं होती. वैशाली कानाशी म्हणाली, "डबा काढ." मी काढला. सदरा जागचा हलला नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी एकवीस वर्षं पेपराआडून पाहिलंच नव्हतं, आणि त्याचं मला तिथे नाचता नाचता फार वाईट वाटलं.

सात जोड्यांत आमचा सहावा नंबर आला. सातव्या जोडीतल्या गृहस्थांचा पाय मुरगळला होता. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "पाय त्येचो मुरगळलो, तुझी गाठ सुटली नाय. जिंकलंस तूच." घामाने आवळलेली गाठ त्यांनाही सुटेना, मग त्यांनी कात्री घेऊन मला त्या सदऱ्यातून मोकळं केलं.

गेल्या वर्षी मास्तर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेराव्याला आम्ही दोघं खाली त्यांच्या खोलीत गेलो. त्यांचा मुलगा प्रकाश बँकेत मोठा अधिकारी, माणूस सज्जन. त्याने वडिलांचा फोटो मोठा करून आणून भिंतीवरच्या खिळ्याला लावला होता. सफारी घातलेले, ओळखपत्रासाठी काढलेले, घाबरलेले मास्तर. काकी त्या फोटोकडे बराच वेळ बघत होत्या.

"प्रकाशा, हो सफारी तेंका बसणा नाय," त्या म्हणाल्या. "खांद्यात बघ कसो उभो रवलो."

मग त्या उठल्या, दुकानातून आणून कोपऱ्यात ठेवलेला आरसा त्यांनी एकटीने फिरवला आणि मागचा फोटो सुरीने अलगद सोडवून घेतला. नथ, कुंकू, कललेली मान. पदराने पुसून त्यांनी तो माझ्या हातात दिला, कारण खिळ्याजवळ मीच उभा होतो.

प्रकाश गोंधळला. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "अहो, आज नको. बँकेचे लोक यायचेत, व्याही यायचेत. लोक हसतील हो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "किती?"

प्रकाशला काही कळलं नाही. काकींना कळलं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. पदर खाली आला तेव्हा दिसलं, तेरा दिवसांत पहिल्यांदाच त्या हसत होत्या.

"ही एक झाली," त्या प्रकाशला म्हणाल्या. "फुडे मोज."

मी सफारीवाला फोटो उतरवला आणि त्या खिळ्यावर मास्तरांना लावलं.